पाण्याची गोळी

राब भाजल्याचा धूर नाकात गेला, की कापडे गावचं आमचं शेत आठवतं. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजत होतो, वर चैत्राचं ऊन, आणि आई पेटत्या पाल्याशेजारी एकाएकी खाली बसली. पायांत गोळे, ओठ कोरडे, नजर कुठेच ठरेना. ब्लडप्रेशरच्या गोळीनं तर ती बरी होती, मग हे काय झालं? रिक्षात माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती पुटपुटली, "लय तान लागली व्हती गो. कळशीत पानी नाय, मग कनवटीच्या पान्याच्या गोळ्या आनखी दोन खाल्ल्या." मी तिची कनवटी चाचपली, तर निघाली ब्लडप्रेशरच्याच गोळ्यांची पट्टी. पोलादपूरच्या डॉक्टरांनी सलाईन लावता लावता सांगितलं, "अहो, ही गोळी पाणी देत नाही. मूत्रपिंडाकडून अंगातलं मीठ लघवीवाटे बाहेर काढते, मिठामागून पाणी जातं, म्हणून प्रेशर उतरतं. यांचं फारच उतरलंय." नळीत थेंब पडतोय ना, एवढंच मी बघत राहिले. आई त्यातून उठली. परवा माझं प्रेशर तपासून डॉक्टर म्हणाले, "तुम्हालाही पाण्याची गोळी सुरू करू." "पाणी काढायची म्हणा," मी जवळजवळ ओरडलेच.