अंगावरची लव

मंगळवेढ्याच्या माळावरल्या धनगरवाड्यात मायाक्का सुईण होती. कशी झाली म्हणाल, तर सासू मेली म्हणून झाली. सासू बायकांची बाळंतपणं करायची आणि सून मेंढ्यांची. पटकीच्या साथीत सासू गेली, तेव्हा सगळ्यांनी सुनेकडं बोट दाखवलं. दहा वर्षं कोकरं ओढून काढणारीला पोर काढायला काय अवघड! तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनंही नको म्हटलं नाही. मान मिळत होता की. सहा महिन्यांत तिच्या हातून पाच बाळंतपणं झाली, पाचही पोरं ठणठणीत. मग काय, बाई जमिनीवरून चार बोटं वरच चालायला लागली.

मग बिरप्पाच्या सुनेचं, चंद्रव्वाचं बाळंतपण आलं. ती अक्कलकोटकडची, निम्मं कानडी बोलणारी. तिचा नवरा गुंडा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन मुलखाबाहेर जायचा, तो आखाडात बैलांच्या सणाला, बेंदराला परत. त्या साली तसाच आला आणि दिवाळी करून पुन्हा गेला. चंद्रव्वा माघात बाळंत झाली. म्हाताऱ्यांनी बोटांची पेरं मोजली. बेंदूर ते माघ, सात महिने. पोर सातव्यातलं असेल तर गुंडाचं. पुऱ्या दिवसांचं असेल, तर कुणाचं?

बिरप्पा दाराबाहेरनं एवढंच म्हणाला, "मायाक्का, पुरं हाय का अपुरं? नीट बघून सांग. सगळं तुज्या शब्दावर हाय."

आता धनगराला हे शिकवावं लागतं होय? दिवस भरायच्या आत पडलेलं कोकरू उघडं असतं, गुळगुळीत कातड्याचं. लोकर शेवटाला येते. मायाक्कानं पोर तळहातावर पालथं केलं. मुलगा होता. खांद्यावर, पाठीवर, कपाळावरसुद्धा मऊ काळी लव. जीव एवढासा होता खरा, पण आई तरी कुठं मोठी धिप्पाड होती? मायाक्कानं सांगून टाकलं, "पुरं हाय. अंगावर लोकर आलीया की."

चंद्रव्वा म्हणाली, "यव्वा, देवाची आण, न्हाय गं." तिचं कोण ऐकतंय? तिसऱ्या दिवशी ओल्या बाळंतिणीला बैलगाडीत घालून माहेरी धाडलं. दोन दिवसांची वाट, वर माघाची थंडी. महिना सरायच्या आत पोर गेल्याचा निरोप आला. गुंडाला दुसरी बायको केली. मायाक्काला वाईट वाटलं, पण बाईच तसली निघाली त्याला आपण काय करणार, असं म्हणून तिनं पदर झटकला.

आठ वर्षांनी सोलापुरात सुइणींचा वर्ग निघाला. खेड्यापाड्यातल्या पंधरावीस जणी गोळा केल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, खडूनं फळ्यावर चित्रं काढून सांगायच्या. "पहिला महिना सरतो न सरतो तोच काळीज धडधडायला लागतं. तेव्हा मूल ज्वारीच्या दाण्याएवढंसुद्धा नसतं. दुसऱ्यात हातपाय फुटतात, तिसऱ्यात बोटं सुटी दिसतात. पाचव्यात आईला लाथा कळतात, आणि मुलाच्या सगळ्या अंगावर बारीक लव येते. सातव्यात डोळे उघडतात. मग अंग भरतं आणि ती लव पोटातच गळून जाते. मूल बारीक आहे आणि पाठीवर दाट लव आहे, तर समजायचं, दिवस भरलेले नाहीत. त्याला न्हाऊ घालू नका, उघडं ठेवू नका. कापसात गुंडाळून आईच्या अंगाशी ठेवा."

मायाक्का उठून म्हणाली, "बाई, उलटं सांगितलंसा. लव शेवटाला येती की."

शेजारी शहरातली जुनी दाई गुलबानो बसली होती. तिनं कोपर मारलं. "क्या गे मायाक्का, बच्चे कू बकरी समझी क्या?"

सगळा वर्ग खोखो हसला. मायाक्काही हसली. हसता हसता तिला तळहातावर पालथं केलेलं चंद्रव्वाचं पोर दिसलं.

त्यानंतर तिला रडू आलं म्हणावं तर तसंही नाही. महिनाभर तिनं सगळं शिकून घेतलं. हात कसे धुवायचे, कात्री कशी उकळायची. भाकरी खायची, पण आमटीत मीठ आहे का नाही ते कळायचं नाही. कात्री नि साबण घातलेली पत्र्याची पेटी मिळाली, ती घेऊन घरी आली. माणसात नसल्यासारखी होती बाई.

बिरप्पा मेंढी कातरत होता. तिनं सगळं सांगितलं. त्याची कातर थांबली नाही.

"गुंडाची चार पोरं हायत आता. मेलेलं मढं उकरू नगं. लोकांस्नी कळलं तर तुला कोण हात लावू दील बाळंतिणीला?"

"माजं जाऊ द्या. तिला तरी कळाय पायजे, तिच्यावर आळ न्हाय म्हणून."

"तिला काय नवं सांगणार हाईस तू?"

तरी मायाक्का गेली. सोलापूरहून आगगाडीनं अक्कलकोट रोडला उतरली, तिथनं पायी. चंद्रव्वा भावाच्या दारात शेंगा फोडत बसली होती. पंचविशीतच केस पिकलेले. मायाक्का तिच्यासमोर बसली, आणि फळ्यावर पाहिलं होतं तसं महिन्या-महिन्यानं सांगत गेली, असलं पोर उघडं ठेवायचं नसतं तेही. शेवटी म्हणाली, "तुजं सातव्यातलंच व्हतं. गुंडाचंच व्हतं. चूक माजी. वाड्यावर मी सगळ्यांम्होरं सांगीन."

चंद्रव्वाची बोटं थांबली.

"म्हंजी ती लव आपसूक गेली असती?"

"व्हय. दोन म्हैनं पोटात ऱ्हायलं असतं, तर आतच गेली असती."

"मी चोळून काडली की गं."

"काय?"

"हितं आल्यावर. तू म्हणालीस ना, लव हाय म्हणून पुरं हाय. म्हणलं, लव गेली की न्हेतील परत. पिठाचा गोळा करून चोळायची, दिवसातनं तीन बार, उघडं टाकून. लई रडायचं. आई म्हणायची, ऱ्हाऊ दे, थंडी हाय. आठव्या दिशी सगळं अंग गुळगुळीत झालं. भावाला म्हणलं, जुंप गाडी. आन् हात लावून बघतीया, तर गार."

मायाक्काला आता उमगलं. आठ वर्षं ही बाई नशिबाला बोल लावून कशीबशी जगली होती, आणि आपण आगगाडीचं तिकीट काढून तेवढंही हिरावून घ्यायला आलो.

"माज्यामुळं गेलं ते," ती म्हणाली. "चंद्रव्वा, माज्यामुळं."

"न्हवं," चंद्रव्वा म्हणाली. "हात माजं व्हतं."