न चाखलेली कॉफी

माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. बोलण्यात मी कधीच पुढे नव्हते. त्यात शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यामुळे चुकलं असेल तर आपलंच, असं आधी वाटतं. कागदावर निदान मला कोणी मध्येच थांबवत नाही.

माझं माहेर साक्रीकडचं. तिथे कॉफी म्हणजे आजारी माणसाला किंवा उपासाच्या दिवशी, दुधात उकळून, वर जायफळ किसून. लग्न होऊन मी सावद्याला आले, केळीवाल्यांच्या घरात. सासरे सकाळी पुढच्या खोलीत व्यापाऱ्यांशी बोलत बसायचे. आमचे हे शेत आणि मजूर बघायचे. धाकटा दीर जहाजावर नोकरीला होता. तो वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा आणि दर वेळी काहीतरी नवीन घेऊन यायचा. एका वर्षी टेपरेकॉर्डर आणला, पुढच्या वर्षी इटलीहून कॉफीचं भांडं आणि पावडरीचा डबा.

मोका पॉट हे त्याचं नाव मला पुष्कळ नंतर कळलं. आमच्याकडे त्याला सगळे डमरू म्हणायचे, कारण ते कमरेत बारीक आणि वर-खाली रुंद होतं. खाली पाणी भरायचं. मध्ये भोकाभोकांची वाटी असते, तिच्यात कॉफीची पावडर. वरचा भाग आटे फिरवून घट्ट बसवायचा आणि भांडं मंद गॅसवर ठेवायचं. पाणी तापलं की वाफेच्या जोराने पावडरीतून वर चढतं आणि वरच्या भांड्यात कॉफी होऊन पडतं. गॅसच्या शेगडीवर ते कलंडायचं, म्हणून मी खाली पापड भाजायची जाळी ठेवायचे.

हे सगळं दिराने समजावून सांगितलं. कोणाला? आमच्या ह्यांना! ज्या माणसाने जन्मात काडी ओढून गॅस पेटवला नाही, त्याला पुढच्या खोलीत बसवून डमरू उघडून दाखवला, लावून दाखवला. मी आत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापत होते. थापण्याच्या आवाजात मला अर्धंमुर्धं ऐकू आलं. शेवटी दीर म्हणाला, "दादा, वहिनीला नीट सांग हं." हे म्हणाले, "सांगतो की." आणि मग डमरू माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "खाली पाणी, मध्ये पावडर. सोपं आहे."

एवढंच. माझं सगळं शिक्षण एवढंच झालं.

आमच्या सासूबाईंचा एक कडक नियम होता. पुरुषांची जेवणं होईपर्यंत बाईने काही चाखायचं नाही. चाखलं की ते उष्टं. देवाचा नैवेद्य आणि पुरुषांचं ताट, दोन्हीला एकच नियम. मीठ घालायचं ते हाताच्या अंदाजाने. तरी माझा हात कधी चुकला नाही, कारण मागून उरलेलं मीच जेवायचे. आज भरतात मीठ जास्त पडलं असेल तर माझ्या घासाला ते कळायचं आणि उद्या हात आपोआप आखडायचा. असाच शिकतो ना माणूस स्वयंपाक?

कॉफी मात्र उरायची नाही. डमरूत तीन लहान कप व्हायचे. एक सासऱ्यांचा, एक ह्यांचा आणि एक समोर बसलेल्या व्यापाऱ्याचा. डमरू रिकामा होऊन आत आला की मी तो घासायला घ्यायचे, तेव्हा सासूबाई म्हणायच्या, "थांब. पावडर कायले टाकते? अजून रंग हाये तिच्यात." त्याच पावडरीवर पुन्हा पाणी चढवायचं, ते माझं. चहाच्या चोथ्याचंही आमच्याकडे असंच चालायचं, म्हणून मला तेव्हा त्यात काही वेगळं वाटलं नाही. ते तपकिरी, कडवट, कसंतरी पाणी मी दूध-साखर घालून प्यायचे आणि मनात म्हणायचे, हीच ती इटलीची कॉफी. काय सुख मिळतं ह्या लोकांना हिच्यात!

दिराने आणलेला डबा संपला. मग हे भुसावळहून पावडर आणायला लागले. तिथे स्टेशनजवळ एक दुकान होतं, रेल्वेतल्या दक्षिणेकडच्या लोकांसाठी बिया दळून द्यायचं. आणि तेव्हापासून माझ्यामागे रोजची कटकट सुरू झाली.

"काय ग, आज पाणचट?"

दुसऱ्या दिवशी मी पावडर वाढवायचे.

"आज कडू जहर केली. हात कसा चालतो तुझा?"

पुढच्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज यायचा. ते माझ्याशी थेट बोलत नसत, सासूबाईंना म्हणत, "सूनबाईले सांगा, कालच्यासारखी नको. परवासारखी." परवासारखी म्हणजे कशी? मी परवाची प्याले होते का? मला ठाऊक होती ती फक्त चोथ्याची. ती इतकी फिकी लागायची की मला वाटायचं, बाहेरही अशीच जात असेल, म्हणूनच बोलतात. मग मी पावडर अंगठ्याने दाबून दाबून भरायला लागले. जितकी बोलणी बसायची, तितकी मी दाबायचे. एकदा इतकी दाबली की पाण्याला वर जायला वाटच राहिली नाही. सांध्यातून फुस्स करून वाफ सुटली आणि जाळीसकट डमरू हलायला लागला. सासूबाई देवघरातून ओरडल्या, "घर उडवते का आता?"

त्यात घासणं. आमच्याकडे भांडं काळं राहिलं की सुनेच्या माहेरचा उद्धार होतो. सासूबाई डमरू उजेडाकडे धरून आत बघायच्या. "हे आतून काळं राह्यलं. लोक मले काय म्हनतीन? का तुमच्या साक्रीकडे असंच चालते?" मग राख आणि नारळाची शेंडी घेऊन मी तो आतून-बाहेरून घासायचे. नवीन असताना चमकला नसेल इतका मी तो चमकवला. आणि दुसऱ्या दिवशी बाहेरून, "आज पत्र्याचा वास येतोय."

एकदा माझी आई भेटायला आली होती. सगळं बघून ती मला चुलीपाशी हळूच म्हणाली, "पोरी, कडू शे का फिकी शे, चाखाबिगर तुले कसं समजी?" मी म्हटलं, "आई, हळू बोल." माझी आई शाळेत गेलेली नाही. पण घरातल्या कोणालाही न सुचलेला प्रश्न तिने आल्या दिवशी विचारला, आणि मी तिला गप्प केलं. तेव्हापासून तो प्रश्न माझ्या पोटात होता. रोज कॉफी नेऊन दिली की मी दाराआड उभी राहून पहिल्या घोटाचा आवाज ऐकायचे. आवाजावरून ओळखायचं, आज फिकी का कडू. मेलं हे काय जगणं!

मधल्या वर्षी दिराला सुट्टी मिळाली नव्हती, तो आता आला. त्या सकाळी पुढच्या खोलीत सासरे, हे, दीर आणि बाहेरगावचा एक व्यापारी बसले होते. सासऱ्यांना त्या डमरूचा फार अभिमान. "इटलीची कॉफी पाजतो तुमाले," ते म्हणाले. तीनच कप व्हायचे, म्हणून सासूबाईंनी मला बजावलं, "पाणी जास्त टाक, चौघे हायेत." आत मावणार तेवढंच. मी वरून उकळतं पाणी घालून चार कप केले, आणि पाणी पडणार म्हणून पावडर आणखी दाबली. कप सासूबाईंनी नेले. मी दाराआड.

दिराने घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "दादा, हे काय आहे? जळकं लागतंय आणि वर पाणचटही."

हे हसत व्यापाऱ्याकडे वळले. "तुझी वहिनी चौथी शिकलेली. तिला इटली कुठून कळणार? दोन वर्षं झाली सांगतोय, पण डोक्यात शिरेल तर ना!"

व्यापारी मोठ्याने हसला. "अहो, आमच्या घरी तर चहाही जमत नाही!"

मला काय झालं ते अजून नीट सांगता येत नाही. मी दारातून पुढे आले नाही, पदर तोंडावर होता तसाच होता, पण माझाच आवाज मला ऐकू आला. "मी ती कधी प्यालेच नाही. मला कसं कळणार?"

लग्न झाल्यापासून परक्या माणसासमोर मी बोललेलं ते पहिलं वाक्य. मला वाटलं, आता कोणीतरी म्हणेल, खरंच की. निदान सासरे तरी म्हणतील.

हे म्हणाले, "मग प्यायची होतीस! तुला कोणी धरलं होतं?"

आणि सगळे हसले. अगदी मनमोकळे हसले. सासूबाईसुद्धा.

माझा राग तो ह्या वाक्याचा आहे. शिव्या दिल्या असत्या तरी मी केव्हाच विसरले असते. कोणी धरलं होतं! त्यांच्याच आईने घालून दिलेला नियम, त्यांनी जन्मभर डोळ्यांनी पाहिलेला. त्यांच्या ताटात पडण्याआधी घरातल्या कुठल्या बाईने कधी काही तोंडात घातलं होतं का? आणि विचारतात, कोणी धरलं होतं. म्हणजे दार बाहेरून लावून घ्यायचं आणि आतल्या माणसाला विचारायचं, तू बाहेर का नाही आलीस.

एक दीर तेवढा हसला नव्हता. तो उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आला, डमरू उघडून बघितला आणि म्हणाला, "वहिनी, हे राखेने घासता? आतून घासायचं नसतं, पत्र्याचा वास येतो; नुसतं धुवायचं. आणि पावडर दाबायची नाही, सपाट करायची फक्त. मी दादाला सांगितलं होतं."

"सांगितलं असेल मी हिला," हे बाहेरून म्हणाले.

सांगितलं असेल! त्यांनी सांगितलं असतं तर माझा अंगठा रोज कशाला दुखला असता?

त्या दिवशी मी जेवले नाही. कोणी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डमरू नुसत्या पाण्याने धुतला. खाली पाणी, वाटीत पावडर, बोटाने सपाट. जाळीवर ठेवून गॅस बारीक केला. खळखळ आवाज सुरू झाल्याबरोबर उतरवला. मग फळीवरून माझा कप काढला आणि आधी माझ्या कपात कॉफी ओतली. दूध नाही, साखर नाही, आहे तशी.

सासूबाई माळ जपत बसल्या होत्या. त्यांची माळ थांबली. "हे काय?"

"चाखतेय."

"आधी? बाहेर दिल्याबिगर?"

मी म्हटलं, "तुमच्यासमोरच म्हणाले ना हे, तुला कोणी धरलं होतं? कोणीच धरलं नाही म्हणे."

बाहेर जाऊन मुलाला विचारण्याची त्यांची प्राज्ञा नव्हती, कारण मुलाचेच शब्द होते.

मी प्याले. चोथ्याच्या पाण्याशी तिचं काही नातं नव्हतं. कडू होती, पण तो कडवटपणा जिभेवरून लगेच निघून गेला आणि मागे भाजलेल्या दाण्यासारखी चव राहिली. आणि तेव्हा मला खरा संताप आला. इतके दिवस मी ही करत होते आणि मलाच ठाऊक नव्हतं मी काय करते आहे. एका घोटात मला कळलं की आज पावडर थोडी कमी हवी होती. एका घोटात! त्यासाठी मी दोन वर्षं बोलणी खाल्ली.

त्या दिवशी बाहेर अडीच कप गेले. अर्धा कप मी दिराला सांगून ह्यांच्यापुढे ठेवायला लावला.

"आज मला कमी का?" हे ओरडले.

मी आतून म्हटलं, "डमरूत तेवढीच मावते."

पुढे सासूबाईंनी शेजारीपाजारी सांगितलं, आमची सून पुरुषांच्या आधी पिते. सांगू दे. एकदा त्यांनीच बशी पुढे केली. "दे इकडे, पाहू काय हाये एवढं तिच्यात." एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "येवढ्या कडूसाठी भांडली व्हय तू?" ज्यांना इतक्या वर्षांत कळलं नाही, त्यांना आता काय समजावायचं?

पाणचट, कडू, जळकी हे शब्द पुढच्या खोलीतून येणं बंद झालं. कोणी कधी चांगली झाली असंही म्हटलं नाही. आता फक्त बाहेरून हाक येते, "झाली का कॉफी?"

"बघतेय अजून," मी म्हणते, आणि सावकाश दुसरा घोट घेते.