युरोपाचा डावा गाल

थंडीतल्या सकाळी मलकपेठेतला माझा स्टुडिओ उघडला की आधी सामोरा येतो तो हायपोचा वास. फोटो पक्का करणारं ते रसायन आणणं बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, अंधाऱ्या खोलीतले ट्रे माळ्यावर गेले, लाल दिवा मुलाने शोभेसाठी उचलून नेला. पण त्या आंबूस वासाने भिंतींत असं काही घर केलं आहे की डिसेंबरची गार हवा कोंडली की तो पुन्हा जागा होतो आणि मला पंचविशीतला करून टाकतो. शटर वर गेलं की कोवळं ऊन तिरपं होऊन गिऱ्हाइकाच्या स्टुलापर्यंत येतं. पासपोर्ट फोटोंची वर्दळ सुरू व्हायला अजून अवकाश असतो. त्या निवांत वेळात मी गुरूच्या चंद्रांचे फोटो साफ करतो, आणि चांगले करतो.

यात थट्टा नाही. गुरूभोवती फिरणाऱ्या यानाने टिपलेली चित्रं ते यान पाठवणारी मंडळी जशीच्या तशी जगापुढे ठेवतात. ज्याला हौस असेल त्याने घ्यावीत आणि त्यांतून फोटो घडवावा. येतात तेव्हा ती ओळखूही येत नाहीत. यान स्वतःभोवती गिरक्या घेत जातं, त्यामुळे कॅमेऱ्याला दिसतं ते तुकड्यातुकड्यांनी, तांबडं वेगळं, हिरवं वेगळं, निळं वेगळं. हाती लागते ती नुसती करड्या पट्ट्यांची चळत. त्या एकमेकींवर बसवत गेलं की कडा जुळतात, रंग उगवतो, आणि काळोखातून एक अख्खा गोल चेहरा वर येतो. पूर्वी ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर नवरीचा चेहरा असाच उमटायचा, आणि तेव्हा जसा श्वास धरून उभा राहायचो तसाच आजही राहतो. शेजारचे खाजाभाई टेलर चहाचा ग्लास घेऊन डोकावतात आणि विचारतात, "ये किसकी शादी का फोटू है भाई? दुल्हन तो दिखतीच नै!"

चेहऱ्यावरचं काय काढायचं आणि काय ठेवायचं हे मला वडिलांनी शिकवलं. नांदेडकडची शेती भावांच्या हवाली करून ते हैदराबादेत आले आणि नांगराऐवजी त्यांनी बारीक टोकाची पेन्सिल धरली. निगेटिव्हवर काम करताना ते डागांच्या दोन जाती सांगत, पाहुणे डाग आणि घरचे डाग. पुटकुळी, घामाचा थेंब, काचेवरची धूळ हे पाहुणे, ते बिनदिक्कत घालवावेत. तीळ, देवीचे व्रण, कपाळावरची जुनी खोक ही घरची मंडळी, गिऱ्हाईक सांगेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. गुरूच्या परिसरात ही शिकवण फार उपयोगी पडते. तिथे किरणोत्साराचा एवढा मारा आहे की फोटोभर पांढरे ठिपके सांडलेले असतात. एकदा तर कॅमेराच आजारी पडला आणि पृथ्वीवरून आज्ञा पाठवून, त्याला ऊब देऊन बरं करावं लागलं. ते ठिपके पाहुणे. पण युरोपा नावाच्या चंद्राच्या शुभ्र बर्फावर ज्या तपकिरी रेघा उमटल्या आहेत, एकमेकींना छेदत पार क्षितिजापर्यंत गेलेल्या, त्या घरच्या. त्यांच्या जवळून जाताना माझा हात आपोआप हळू होतो.

त्या सकाळी युरोपाच संगणकाच्या पडद्यावर होता, तेव्हा माझी धाकटी बहीण शैला दिलसुखनगरहून आपल्या मुलीला घेऊन आली. ईशा माझी एकुलती एक भाची. सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या कामावर, जिभेने तिखट, मनाने लोण्याची. शाळेत असताना तिच्या डाव्या गालावर कोड उठलं, पापणीखालून थेट जबड्यापर्यंत. डॉक्टर झाले, मलमं झाली, नवससायास झाले, आणि आता कित्येक वर्षं ते आहे तिथेच, आहे तेवढंच आहे. तेव्हापासून कॅमेरा दिसला की तिची मान वळते आणि उजवा गाल पुढे येतो, इतक्या सहज की नवख्याला कळूही नये. माझ्याकडचे तिचे सगळे फोटो उजवीकडूनच आहेत. लग्नाचं बघायला लागल्यावर तेच फोटो बाहेर गेले, माणसं घरी आली, चहा प्याली, तिला समोरून पाहिलं आणि गोड बोलून निघून गेली. शेवटची मंडळी गेली त्या संध्याकाळी ईशाने आईला स्पष्ट सांगून टाकलं, की यापुढे फसवून बोलावलेल्या माणसांसमोर मी बसणार नाही.

आता पुण्याकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा इथेच नोकरीला, माणसं बरी वाटत होती, आणि त्यांनी समोरून काढलेला फोटो मागितला होता. शैलाने पर्स छातीशी घट्ट धरून एका दमात सांगितलं, "दादा, समोरून काढ, अन् तेवढं साफ करून टाक. नक्को म्हणू बाबा. निदान दार तरी उघडू दे की त्यांना. एकदा पोरगी बोलायला लागली की कोण गालाकडे बघतंय!" तिचं चुकत होतं असं मला म्हणवेना. आईच्या जिवाला घोर असतो, आणि फोटोवरून बोट फिरवून पुढे जाणाऱ्या जगाला थांबवायचं कसं हे तिला कुणी शिकवलंही नव्हतं. माझ्या दृष्टीने ते हातासरशी होणारं काम होतं. पण साफ केलेला फोटो गेला तर ईशा शब्दाला जागली असती आणि बोलणं तिथेच मोडलं असतं. कोडासकट गेला तर कदाचित कुणी उंबरठ्यापर्यंतही आलं नसतं. मायलेकी एकमेकींकडे न बघता उभ्या होत्या, आणि या दोघींत माझं गिऱ्हाईक नेमकं कोण, ते मला ठरवता येईना.

तेवढ्यात ईशा पडद्याकडे वळली. "मामा, हे रिअल आहे की एडिट केलंय?" एवढं निमित्त मला पुरतं. मी सांगत सुटलो, की त्या बर्फाच्या कवचाखाली समुद्र असावा, आपल्या पृथ्वीवरचे सगळे समुद्र एकत्र केले तरी उणे पडतील एवढा. आणि जाणकारांना तसं वाटायचं एक कारण म्हणजे याच रेघा. बर्फ तडकतो, खालचं खारं काहीबाही वर येतं, किरणांच्या माऱ्याने तपकिरी पडतं. हा चंद्र नुसता गुळगुळीत असता तर त्याच्यासाठी एवढा आटापिटा कोण करतं? आता आणखी दोन यानं बर्फाळ चंद्रांच्या वाटेला लागली आहेत. आणि हेही सांगितलं, की युरोपा जन्मभर गुरूला आपली एकच बाजू दाखवत फिरतो, दुसरी बघायची तर यानाला मुद्दाम वळसा घालून पलीकडे जावं लागतं. यातलं एक अक्षरही मी तिला उद्देशून बोललो नव्हतो. विषय निघाला की मला थांबता येत नाही, एवढंच. ती मात्र बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिली.

मग तिने स्टूल उन्हात ओढलं, केस कानामागे घेतले आणि डावा गाल सरळ प्रकाशाकडे केला. "असा काढ मामा. पूर्ण. अन् एडिट नक्को. अंते, बस्स." शैला "अगं…" म्हणून पुढे झाली आणि तिथेच थबकली. मी कॅमेरा डोळ्याला लावला. आजवर असंख्य चेहऱ्यांवर प्रकाश टाकून मी पोट भरलं आहे, पण त्या दिवशी माझं मलाच हसू आलं, कारण करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सगळं ऊन आपणहून तिच्या गालावर येऊन बसलं होतं. गहू आणि दूध असे दोन रंग, त्यांच्यामधली नागमोडी कड, आणि कुणाला न घाबरणारे डोळे. मी कॅमेऱ्याआडून नुसताच बघत राहिलेला पाहून तीच म्हणाली, "मामा, स्माईल म्हणायचं विसरलास की!" आणि खळखळून हसली. तो क्षण मी सोडला नाही.

फोटो पडद्यावर आला तेव्हा शैला खुर्चीत बसली होती. मी मनात तयारी करून ठेवली होती; तिने हट्ट धरला तर काय बोलायचं, ती रडली तर काय बोलायचं. पण ती वाकून बघतच राहिली. मग तिने बोट पुढे केलं आणि त्या पांढऱ्या भागाच्या मधोमध, ओठाच्या कोपऱ्याशी, टेकवलं. तिथे खळी होती. लहानशी, खोल, दुधात बोट बुडवून काढावं तशी.

"ही लहानपणी होती," शैला म्हणाली. "मला वाटलं, वयाबरोबर गेली." मग पडद्यावरचं बोट न काढता, "मी रोज बघते रे दादा हा गाल. वाढलं का, तेवढंच बघते."

ईशाने मागून येऊन तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवली. "पर्वालेदु गं आई, चालतंय," ती म्हणाली. काळजीने पाहणाऱ्या माणसाला, त्या काळजीपायीच, किती थोडं दिसत असावं, एवढं मनात येऊन गेलं, आणि ते फक्त शैलाबद्दल नव्हतं.

फोटो तिथूनच पुण्याच्या मंडळींना गेला, जसाच्या तसा. शैलाने स्वतः पाठवला. उत्तराची वाट बघायला ती थांबली नाही, मोबाइल पर्समध्ये टाकून म्हणाली, "आता एक मोठा काढून दे. हॉलमध्ये लावते." केवढा मोठा, मी विचारलं. तिने दोन्ही हात फाकवून दाखवले, क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, आणि आणखी थोडे लांब केले.