दोन इंजिनं आणि एक नाव

आमच्या घरात विमान आलं ते सासूबाईंच्या परवानगीने. पुढे लोक मलाच विचारायचे, "अहो, तुम्ही अडवलं कसं नाही?" तिसाच्या त्या दशकात नाशिकच्या कुठल्या सुनेला नवऱ्याला अडवायला शिकवलं होतं, ते आधी सांगा.

हे शाळेत ड्रॉइंग शिकवत. एकदा माळावर कुणा साहेबाचं विमान उतरलं, ते बघून आले आणि त्या दिवसापासून आमटीत मीठ आहे की नाही हेही त्यांना कळेनासं झालं. विलायतेत म्हणे लोक मासिकातली चित्रं बघून घरच्या घरी विमानं बांधतात. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "इंजिन बंद पडलं तर?"

सासरे गेले ते टांग्याचा घोडा उधळून. तेव्हापासून सासूबाईंचा एकट्या कशावरच भरवसा नव्हता. देवापुढे समया दोन, विहिरीवर पोहरे दोन. मुलगा मात्र एकच, त्याला इलाज नव्हता.

"दोन लाव," त्या म्हणाल्या. "एक रुसलं तर दुसरं घरी आणेल."

मलाही ते पटलं. खोटं कशाला बोलू?

झालं! देवळालीच्या छावणीतून मोडीत निघालेल्या दोन मोटारसायकलींची इंजिनं आली. एक थोरलं, एक धाकटं. थोरलं लाथ मारताच सुरू व्हायचं, धाकट्याच्या मात्र विनवण्या कराव्या लागत. हरसूलच्या बाजारातून बांबू आले. पंखांना मांजरपाट लागला आणि तो सगळा मी शिवला. शेजारीण म्हणाली, "बाई, एवढा मोठा अभ्रा कुठल्या उशीला?" म्हटलं, "ज्याला झोप येत नाही त्याच्या."

गंगापूरच्या वाटेवर एका शेतकऱ्याची बाजरी निघून रान मोकळं झालं होतं. बैलगाडीवर घालून विमान तिकडे नेलं. "आज फक्त जमिनीवर पळवून बघायचंय, उडायचं नाही," असं हे दहादा सांगत होते. पण निघताना आईच्या पाया पडले. भाजी आणायला जाताना हा माणूस कधी आईच्या पाया पडला नव्हता.

विमानात बसायच्या जागा दोन होत्या. मी सासूबाईंना म्हटलं, "पहिलं काम जोड्याने व्हायला हवं ना?" त्यांना ते लगेच पटलं आणि आईपुढे ह्यांचं काही चालेना. मला बरोबर घेऊन हे काही उडायचे नाहीत, एवढाच माझा हिशेब. काष्टा घट्ट खोचला आणि चढून बसले. सासूबाई रानाच्या मधोमध घोंगडी टाकून जपमाळ घेऊन बसल्या.

दोन्ही इंजिनं एकदाची धडधडली. आम्ही पळू लागलो. ह्यांनी दोन्ही इंजिनांच्या वेगाच्या मुठी पुढे लोटल्या, शेपटी उचलली गेली, आणि हे माझ्याकडे वळून हसले. ते हसू बघून मी समजले की हा माणूस बायकोसकट उडणार. तेवढ्यात उजवीकडचं धाकटं इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं.

दुसरं घरी आणेल, म्हणे! दुसऱ्याला घर कुठे ठाऊक? ते आपलीच बाजू पुढे ओढत राहिलं आणि विमान उजवीकडे वळलं ते वळतच राहिलं. डावा पंख आभाळाकडे, उजवा ढेकळं खरवडत, आणि मधोमध सासूबाई. त्यांना वाटलं, लेक-सून विमानासकट प्रदक्षिणा घालताहेत. त्यांनी भक्तिभावाने हात जोडले. बांधावरून शेतकरी ओरडला, "मास्तर, लय झ्याक फिरतंय! मळणीला द्यायचं हाय का?"

फेरी मात्र लहान लहान होत सासूबाईंकडे सरकत होती. हे चालू इंजिनाची मूठ आणखीच पुढे दाबत होते. बंद पडलेल्याची कसर चालू असलेल्याने भरून काढावी असं त्यांच्या डोक्यात, आणि जितकं दाबावं तितकं विमान जास्त गरगरावं. मी "अहो, अहो" करून घसा फोडला. पण घरात दिवसातून पन्नासदा ऐकलेलं "अहो" संकटात कुणाला ऐकू जातं?

बायकोने नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं लहानपणापासून मनावर बिंबलेलं. उखाण्यातसुद्धा मी ते मान खाली घालून, राव लावून घेत असे. त्या दिवशी नुसतं नाव घेतलं, रस्त्यात हुंदडणाऱ्या पोराला हाक मारावी तसं, आणि वर ओरडले, "सोड ते!"

एकेरी! ह्यांचा हातच सुटला. मूठ मागे आली, इंजिन थंड झालं आणि विमान घोंगडीच्या काठाशी येऊन थांबलं. हे माझ्याकडे बघत राहिले. अपघातापेक्षा त्या नावानेच जास्त हादरले होते. मग हळूहळू पांढरे पडले. "वर असतो तर?" एवढंच म्हणाले. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता. सासूबाईंनी पदर झटकला. "पुरे झाली प्रदक्षिणा. घरी चला." नावाबद्दल चकार शब्द नाही.

वाटलं, खूळ गेलं. कसलं जातंय! थोड्या दिवसांनी पुन्हा ड्रॉइंगचा कागद निघाला. म्हणे सगळा दोष धाकट्या इंजिनाचा, ते बदललं की झालं. मी भाकऱ्या थापत होते, पण जीव थाऱ्यावर नव्हता. तेवढ्यात हे दारात येऊन घुटमळले.

"त्या दिवशी तू हाक मारलीस ना," हे म्हणाले, "तशी परत एकदा मार."

"दोन्ही इंजिनं विका. मग."

ह्यांनी तो ड्रॉइंगचा कागद गुंडाळला. मग निघून गेले. दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवाला येऊन दोन्ही इंजिनं घेऊन गेला, आणि हे पुन्हा दारात हजर. चेहरा असा की माझंच काळीज हललं. मी तव्यावरची भाकरी उलटली, इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू नाव घेतलं.

माजघरातून सासूबाईंचा आवाज आला, "ऐकू आलं हो."

मी जीभ चावली. हे भिंतीला चिकटले.

"आणखी एकदा घे," सासूबाई म्हणाल्या. "एकाचा काय भरवसा?"