छबूबाईने मोजलेल्या गाठी

छबूबाई आमच्या सरकारी फार्मवर रोजंदारीला होती. पन्नाशीची, विधवा, अक्षरशत्रू. पण हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी मोजण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. या गाठी हवेतला नत्र धरतात आणि त्याने जमीन कसदार होते, असं ह्यांनी मला सांगितलं होतं. हे तिथेच कारकून. ज्या वाणाला गाठी जास्त, त्याचं बी गावोगाव वाटायचं होतं.

ती झाड उपटायची नाही. भोवतीच्या ढेकळासकट खणून बादलीत भिजवायची आणि तान्ह्याला न्हाऊ घालावं तशी मुळं धुवायची. एका गाठीला ज्वारीचा एक दाणा वाटीत. गाठ नखाने फोडली की आत गुलाबी निघाली तर कामाची, पांढरी निघाली तर फुकटखाऊ.

साल बहात्तर. गावच्या बायका दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. फार्मच्या विहिरीला पाणी होतं, म्हणून छबूबाईची रोजी टिकलेली.

फार्मच्या साहेबांनी स्वतः काढलेला नवा वाण देशी हरभऱ्यापुढे फिका पडला. देशीच्या वाटीत तिप्पट दाणे. वाण पसंत करायला येणारे पुण्याचे पाहुणे तर आठवड्यावर आलेले. साहेबांनी हुकूम सोडला, नवा वाण खणून काढा, देशी उपटून. उपटला की निम्म्याहून जास्त गाठी मातीतच राहतात. आणि बायकांना हरभरा उपटायचीच सवय, कोण विचारतंय?

छबूबाईने दोन्ही खणले. साहेब संतापले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "साहेब, एकीला न्हाऊमाखू घालून पाटावर बसवायची, दुसरीला केस धरून ओढायची, आन् मंग म्हनायचं, हिचा अंबाडा बारीक. हे मला न्हाई जमायचं."

दुसऱ्या दिवसापासून ती खडीवर. फार्मवरच्या बाकीच्या बायकांनी मुकाट्याने देशी उपटला. दहा झाडांना नव्वद गाठी भरल्या, नव्या वाणाला शंभरावर. तो आकडा तक्त्यात उतरवला ह्यांनी, मोत्यासारख्या अक्षरात. मी विचारलं तर म्हणाले, "मी फक्त लिहितो." येताना छबूबाईची वाटी घरी घेऊन आले. दाणे चिमण्यांना घाल म्हणाले. मला त्या वाटीकडे बघवेना, त्यांच्या हाताकडे तर नाहीच.

मी दाणे मोजले. तेवढ्याच दहा देशी झाडांचे, तीनशे बारा.

आज मार्गशीर्षातला गुरुवार. महालक्ष्मीचा घट मांडला, तो तांदळावर नाही, त्या ज्वारीवर. हे आंघोळ करून फूल घेऊन आले आणि थबकले. ज्वारी कशाला, म्हणाले.

"देशीच्या गाठी आहेत. छबूबाईने मोजलेल्या."

त्यांनी फूल पाटाच्या कडेला ठेवलं आणि नमस्कार न करताच ऑफिसला गेले. ते फूल मी देवीला वाहिलं नाही. तुळशीतही टाकलं नाही. केरात टाकलं आणि हात धुतले.

संध्याकाळी कहाणी वाचायची, आणि उद्या सकाळी घट हलवला की ज्वारी पदरात बांधून खडीवर जायचं आहे. जिचे दाणे, तिला.