दोन मिनिटांचं विमान

आधीच सांगून ठेवतो, या फोरमवरचे भुताखेतांचे किस्से वाचून खो-खो हसणाऱ्यांपैकी मी एक आहे. मँचेस्टरला आयटीत नोकरी, आणि देवाला हात जोडायचे ते बायकोने डोळे वटारल्यावर. तेव्हा तुम्हाला हसायचं असेल तर खुशाल हसा...

गोष्ट २००६ च्या उन्हाळ्यातली. त्याआधीच्या हिवाळ्यात कोल्हापूरला आई वारली. माझा पासपोर्ट व्हिसा एक्स्टेन्शनसाठी पाठवलेला, त्यामुळे मला निघताच आलं नाही. भावाने तिच्या कानाशी फोन धरला, पण तोवर तिचं बोलणं थांबलं होतं. पुढे एक दिवस लक्षात आलं, की मला तिचा आवाज आठवत नाही. चेहरा आठवतो, शब्द आठवतात, आवाज नाही. रेकॉर्डिंग एकही नव्हतं. तो एकदाच ऐकायला मिळावा, एवढंच वाटायचं.

माझं मन रमावं म्हणून बायकोने, मानसीने, ऑर्कनीची ट्रिप ठरवली. स्कॉटलंडच्याही वरची ही बेटं. त्यातल्या वेस्ट्रेहून पापा वेस्ट्रेला विमान जातं — अंतर जेमतेम पावणेदोन मैल, वेळ दोन मिनिटं! विमानतळ म्हणजे माळावरची एक पट्टी आणि एक शेड. विमान इवलंसं. मला पायलटशेजारची सीट मिळाली, मानसी मागे बसली.

मला लहानपणापासून गाडी लागते. मामाकडे जाताना आंबा घाटात आई माझ्या तळहातावर आवळासुपारी ठेवायची आणि म्हणायची, "डोळे मीट. दोन मिनिटांत पोचतो." तिची ती दोन मिनिटं कधीच दोन नसायची.

विमान उडालं, वाऱ्याने हेलकावलं. मी डोळे मिटले.

"मिटलेलेच ठेव रे. दोन मिनिटं."

आईचा आवाज. जरासा बसका, शेवटी वर चढणारा... तळहातावर काहीतरी पडलं, मी तोंडात टाकलं. आवळासुपारी! डोळे उघडले तर ती जाईल, म्हणून उघडले नाहीत. ती बोलत राहिली. महत्त्वाचं काहीच नाही — शेजारच्या काकूंच्या मांजरीला पिल्लं झालीत, जास्वंद फार वाढलीय, तिकडे ज्वारीचं पीठ मिळतं का.

"आई, आलं का गं?" मी विचारलं.

"हे वळण झालं की आलंच."

सुपारी जिभेवर सावकाश विरघळली, पूर्ण. तिला किती वेळ लागतो, ते खाणाऱ्यांना विचारा. मग चाकं टेकली.

"अरे, झालं पण?" मानसी मागून ओरडली. "मी कॅमेरा ऑन करेपर्यंत लँड?"

पायलटला विचारलं, आज जास्त वेळ लागला का? तो हसला. म्हणाला, उलट आज लवकरच आलो. खाली उतरल्यावर मानसी माझ्याजवळ येऊन थबकली.

"काय खाल्लंस रे? आवळ्याचा वास येतोय."

आमच्याकडे आवळासुपारी नव्हतीच. मी तिथेच गवतात बसून ढसाढसा रडलो.

त्यानंतर दोनदा जाऊन आलो. डोळे मिटून, तळहात उघडा ठेवून बसतो... आणि विमान मुकाट्याने उतरतं. मानसी म्हणते, मनाचे खेळ. मग तुला वास कसा आला, विचारलं की चहा टाकायला उठते. आवाज मात्र आता आठवतो.

लहानपणी तिची दोन मिनिटं संपत नाहीत म्हणून मी घाटभर रडायचो. त्या दिवशी ती आणखी थोडी लांबली असती, तर काय बिघडलं असतं?