धावड्याच्या मुठीचे दोन चाकू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईलाही नाही – आणि आईपासून मी एरवी काही लपवलं नव्हतं. मग तुम्हालाच का? तुम्ही समोर बसून माझ्या तोंडाकडे बघणार नाही, म्हणून असेल. तसा मी गप्पिष्ट माणूस. बालाघाटात चार लोक जमले की मलाच बोलायला लावतात. पण बोलणं जंगलाकडे वळलं की मी चहा सांगायला उठतो. इतकी वर्षं उठतोय, अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

आधी चाकूचं सांगू द्या. ते सांगायला सोपं आहे.

मध्यप्रदेश नवा झाला, त्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील. मी जंगलखात्यात सर्व्हेअर म्हणून लागलो. वडील कचेरीत, आजोबा कचेरीत; आमच्या घरात जंगल कुणी बघितलं असेल तर फायलीत. पहिल्याच वर्षी मला परसवाड्याच्या पलीकडे बांबूच्या तोडीची हद्द आखायला पाठवलं. सोबत डोमाजी. किरनापूरकडचा, खात्यात नाकेदार, म्हणजे जंगलाचा रखवालदार, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. तो मला बाबूजी म्हणायचा आणि मी त्याला डोमाजीभाऊ. माझ्याकडे गोंदियाहून आणलेला घडीचा चाकू होता – चकचकीत, त्यात बाटली उघडायची सोयसुद्धा. डोमाजीनं तो हातात घेऊन उलटापालटा केला. "पेरू कापाले चांगला हाये," म्हणाला, आणि मला लोहाराकडे घेऊन गेला.

लोहाराचं नाव फागूलाल. ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यातून तो चाकू घडवायचा. जंगलात एकच चाकू जवळ ठेवायचा तर तो कसा असावा, हे मला त्या माणसानं शिकवलं. पातं पंजाएवढं, त्याहून लांब असेल तर नुसतं मिरवायला. पाठ जाड, म्हणजे वर लाकडाचा ठोका देऊन बांबू फाडता यावा. टोक फार अणकुचीदार नको. मूठ धावड्याच्या लाकडाची, साधी, घामात न निसटणारी. आणि पात्याची शेपटी मुठीत खोलवर गेलेली, गरम लाखेत घट्ट बसवलेली. चकाकी बघायचीच नाही. त्यानं एकाच पाट्यातून दोन चाकू केले, अगदी सारखे, एक मला आणि एक डोमाजीला. देताना मला म्हणाला, "बाबू, सब करना, इसको आग मत दिखाना. आग देखी तो ये चाकू नहीं, चम्मच है." आम्ही तिघेही हसलो.

त्या मुलखात चाकू हातातून हातात देत नाहीत – दिला तर भांडण होतं म्हणतात. जमिनीवर ठेवायचा, दुसऱ्यानं तिथून उचलायचा. आम्हीही तसंच करायचो. संध्याकाळी तळावर आलो की दोघांचे चाकू एका सपाट दगडावर ठेवायचे, सकाळी ज्यानं त्यानं आपला उचलायचा. डावीकडचा माझा, उजवीकडचा त्याचा. दुसरी काही खूण नव्हती.

मला जंगलाची भीती वाटायची. हेही मी कधी कबूल केलेलं नाही. पान वाजलं की मी जागीच थांबायचो. डोमाजी पुढे, मी त्याच्या मागे दहा पावलांवर, मोजणीची साखळी आणि वही सांभाळत. त्याची पाठ दिसत असली की मला धीर असायचा.

एका दुपारी डोमाजी मजूर बोलवायला गावात गेला. मी एकटा होतो, वांगं होतं, भरीत करावंसं वाटलं. वांगं चाकूला टोचलं आणि ठेवलं निखाऱ्यावर. मग वही उघडली, मोजमापं लिहीत बसलो. लाखेचा वास आला तेव्हा भानावर आलो. मूठ एका बाजूनं काळी पडली होती, लाख वितळून बाहेर आली होती, आणि मुठीलगतचं पातं निळंजांभळं झालं होतं. फागूलालचा शब्द आठवला आणि कान तापले. शहरी बाबूनं पोलादी चाकूवर भरीत भाजलं – डोमाजी हे गावोगाव सांगणार! मी राखेनं पातं घासलं. मूठ तासली, ओघळलेली लाख पुन्हा कोंबली, वरून माती चोळली. दिसायला चाकू पूर्वीसारखा झाला. पण मूठ धरून पीळ दिला की आत पातं किंचित फिरायचं. मी दोनदा पीळ देऊन पाहिला.

तेव्हाच सांगायला काय झालं होतं? फागूलालचं घर अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होतं. तासाभराचं काम. डोमाजी हसला असता, मीही हसलो असतो.

मोहाची फुलं गळायचे दिवस होते. त्याच संध्याकाळी डोमाजी परत आला तो वाटेतलं वारूळ दाखवायला मला घेऊन गेला. अस्वलानं उकरलेलं, माती अजून ओली. "उद्या बोलत चालू, बाबूजी. आवाज ऐकला का ते बाजूले होते," म्हणाला आणि भात टाकायला गेला. मी दगडावरच्या माझ्या चाकूकडे बघत बसलो.

सकाळी तो ओढ्यावर तोंड धुवायला गेला. दगडावर दोन चाकू होते. मी उजवीकडचा उचलला.

चुकून नाही. अंधार नव्हता, चांगलं उजाडलं होतं. मी उजवीकडचा घेतला, मूठ पिळून पाहिली, ती हलली नाही, आणि मी तो कमरेला लावला. डावीकडचा होता तो सरकवून उजवीकडे ठेवला. डोमाजी आला, धोतराला हात पुसले, आणि बिनदिक्कत त्यानं तो उचलला. मी वहीत बघत होतो.

अस्वल दहा-अकराच्या सुमारास आलं. ओढ्याकाठच्या झुडपातून, एकदम. बाजूला व्हायलाही वेळ नव्हता. डोमाजीनं डावा हात आडवा धरला आणि तो कोपराखाली त्याच्या जबड्यात गेला. उजव्या हातानं त्यानं चाकू काढून मारला. एकदाच. मूठ त्याच्या हातात राहिली आणि पातं गवतात पडलं. मागे मजूर होते, ते डबे बडवत, कुऱ्हाडी आपटत धावत आले तेव्हा अस्वल गेलं. मधे किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. मी दहा पावलांवर उभा होतो.

खाटेवर घालून आम्ही त्याला सडकेपर्यंत आणलं, तिथून ट्रकनं बालाघाटला. डावा हात कोपरापासून कापावा लागला. मी आठ दिवस त्याच्या उशाशी बसलो. दवाखान्यातले लोक म्हणायचे, सख्खा भाऊ असं करणार नाही. मी ते ऐकून घ्यायचो.

मग फागूलाल आला. आपल्या हातचा चाकू दगा देऊन गेला हे ऐकून बिचारा बसनं परसवाड्याहून आला होता. पातं आणि मूठ मजुरांनी आणून दिली होती. त्यानं ते खिडकीशी नेलं, बोटानं चाचपलं, मुठीतली लाख नखानं खरवडून हुंगली. "ये आग में गया है," म्हणाला. डोमाजी उताणा पडून आमच्याकडे बघत होता. आणि मी – विचार न करता, कुणी तोंडात शब्द घालावेत तसा – म्हणालो, "डोमाजीभाऊ, बिडी पेटवताना तुम्ही चाकूनं निखारा उचलायचे ना?"

उचलायचा तो. टोकानं, क्षणभर. खोटं बोलायला मी खरी गोष्ट वापरली.

डोमाजीनं मान हलवली. "हौ," म्हणाला. "माह्याच हातून झालं असंन. फागू, तुह्यी चूक नाही."

फागूलालनं माझ्याकडे पाहिलं. टोकानं निखारा उचलून मुठीतली लाख वितळत नाही, हे त्याच्याहून कुणाला ठाऊक? पण मी बाबू होतो आणि तो लोहार. पातं फडक्यात गुंडाळून तो निघून गेला. पुढे मी परसवाड्याला जायचं टाळत आलो. त्याची नजर आठवली की आजही मला धडकी भरते.

डोमाजी जगला. खात्यानं त्याला नाक्यावर बसायचं काम दिलं. नवीन पोरं भरती झाली की तो त्यांना चाकू कसा निवडावा ते शिकवतो – पातं पंजाएवढं, मूठ धावड्याची – आणि शेवटी बाही वर करून म्हणतो, "आगीत घालू नका रे. मी घातलो होतो, हे पाहा." माझी चूक तो आपली म्हणून सांगत राहिला आहे. आणि खरं सांगतो, ते ऐकून मला दर वेळी सुटल्यासारखं वाटलं.

मागच्या महिन्यात तो माझ्या ओसरीवर आला होता. माझा पुतण्या नुकताच जंगलखात्यात लागलाय, म्हणून मीच बोलावलं होतं, याला चार गोष्टी सांगा म्हणून. पुतण्यानं सगळं ऐकलं, बाही वर केलेला हात पाहिला आणि सरळ विचारलं, "और काका? ते कुठं होते तेव्हा?"

मी चहा सांगायला उठलो. पण आतून ऐकू येत होतं.

"होते ना, मागंच होते," डोमाजी म्हणाला. "मी बोंबललो त्यायले – बाबूजी, तुमचा चाकू फेका! तुमचा फेका! तीन डाव बोंबललो. पण ओढ्याले पाणी होतं बाप्पा, त्याचा केवढा आवाज. त्यायले ऐकूच गेलं नाही. नाहीतर तुह्या काकानं फेकला असता. जीव दिला असता माह्यासाठी."

चैत्राचे दिवस होते ते. ओढ्यात घोटाभर पाणी होतं, आणि ते थांबलेलं होतं. त्याचा आवाज होत नव्हता. डोमाजीनं तीनदा हाक मारली. तिन्ही वेळा मी कमरेच्या चाकूवरची मूठ आणखी आवळली, कारण फेकला तर माझ्याकडे काय राहिलं असतं?

मला ऐकू आलं होतं.